कोरे आणि धुवट

भूदानामुळे १९५१ साली देशास परिचित झालेले पोचमपल्ली हे विणकरांचे गाव हैदराबादपासून जवळच आहे. त्याच परंपरेच्या ओढीने मलकपेठेतील माझ्या घरी मी हातमागावर कपबश्या पुसण्याचे सुती रुमाल विणतो.

विणताना घर्षण सोसावे म्हणून ताण्याच्या सुताला खळ देतात. त्यामुळे कोरे कापड पाणी नीट टिपत नाही. दोन-तीनदा धुतल्यावरच त्याची शोषकता प्रकटते. बालरोगतज्ज्ञास याचे मोल विशेष. ओल्या नवजात अर्भकाची ऊब बाष्पीभवनाने झपाट्याने हरपते. त्यास तत्काळ कोरडे करणे हा पहिला उपचार होय. म्हणून गर्भवतींच्या कुटुंबीयांना माझी विनंती : बाळासाठी कोरे नव्हे, धुवट, स्वच्छ, उन्हात वाळवलेले सुती वस्त्र सिद्ध ठेवावे. आजीचे मऊ लुगडे याच कसोटीस उतरत असे.