कुंडीतील चिलटे आणि त्यांचा बंदोबस्त

पावसाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस लोटले, की खिडकीत किंवा वाचनालयाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटे घोटाळू लागतात. कुंडीत पाणी घालताच मातीवरून पाच-दहा एकदम उठतात, अडखळत थोडेसे उडतात आणि पुन्हा तेथेच येऊन बसतात. संध्याकाळी दिवा लागला, की पुस्तकाच्या पानावर आणि चहाच्या पेल्यात त्यांचीच हजेरी असते. त्यांना डास समजून कोणी खोलीत धूर करतो, तर फळांवरची चिलटे समजून कोणी केळी झाकून ठेवतो. या दोन्ही उपायांनी काहीच साधत नाही. कारण हा कीटक डासही नव्हे आणि फळमाशीही नव्हे. त्याचे बिऱ्हाड कुंडीच्या मातीत असते.

कीटकशास्त्रात या चिलटांची गणना ‘सायारिडी’ कुलात होते, आणि कुंड्यांत आढळणाऱ्या पुष्कळशा जाती ‘ब्रॅडिसिया’ या प्रजातीतील असतात. ओल्या मातीतील बुरशी हे त्यांच्या अळ्यांचे मुख्य अन्न असल्यामुळे त्यांना ‘बुरशीमाशी’ म्हणणे सोयीचे होईल. माशीची लांबी २ ते ३ मिलिमीटर असते. साध्या भिंगातून पाहिल्यास तिच्या पंखावर शिरांचा बेचकीसारखा फाटा स्पष्ट दिसतो. ओळख पटविण्यास ही खूण पुरेशी आहे. माशी माणसाला चावत नाही, की पाने कुरतडत नाही. ती जेमतेम आठवडाभर जगते आणि तेवढ्या अवधीत मातीच्या ओलसर फटींत शंभराहून अधिक अंडी घालू शकते.

खरे नुकसान होते ते जमिनीखाली. चार-पाच दिवसांत अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या अळ्या पांढुरक्या, पारदर्शक आणि बिनपायाच्या असतात. डोके मात्र चकचकीत काळे. पूर्ण वाढलेली अळी ५-६ मिलिमीटर लांब असते. सुमारे दोन आठवडे ती बुरशी, शेवाळ आणि कुजका पाला खात राहते व नंतर मातीतच कोष करते. अळ्या थोड्या आणि कुजके अन्न भरपूर असेल, तोवर मोठ्या झाडास त्यांचा उपद्रव जाणवत नाही. संख्या वाढली म्हणजे मात्र त्या झाडाच्या कोवळ्या मुळांकडे आणि मुळांवरील सूक्ष्म रोमांकडे वळतात. झाड पाणी शोषून घेते ते मुख्यतः याच रोमांवाटे. शिवाय कुरतडलेल्या जागी मूळकुज्या रोगास वाट मिळते. बी पेरलेल्या परडीतील रोपे रात्रीतून कोलमडतात, त्यामागे पुष्कळदा या दोघांची भागीदारी असते.

यातूनच एक दुष्टचक्र सुरू होते. मुळे खाल्ली गेल्याने पाने मलूल होऊन पिवळी पडतात. ती पाहून मालकास वाटते, झाड तहानलेले आहे. म्हणून तो एक तांब्या पाणी अधिक घालतो. त्या पाण्याने बुरशी वाढते, बुरशीमुळे अळ्या वाढतात, आणि उरलेली मुळेही नाहीशी होतात. मायेने वाढविलेली झाडे अशा रीतीने मायेनेच मरतात.

शेतकऱ्याच्या बोलीत ‘वाफसा’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. मातीत ओल आहे, पण तिच्या कणांमधून हवाही खेळते आहे, अशा स्थितीस वाफसा म्हणतात. कुंडीतील माती वाफशावर राहिली, तर बुरशीमाशीस तेथे फारसा थारा उरत नाही. शेतातील जादा पाणी खोल झिरपून जाते. कुंडीचा तळ वीतभरावरच असतो, आणि खालची बशी भरलेली असेल तर तेथून पाणी हलतच नाही. अंगणातील तुळशीला रोज पाणी मिळते खरे, परंतु ऊन-वारा तिची माती वरून सुकवतो. तीच तुळस सदनिकेच्या सावलीतल्या खिडकीत, ऐन श्रावणात, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि गांडूळखत यांच्या मिश्रणात लावली, तर ते रोजचे पाणी जाणार कोठे? हा भुसा वरून कोरडा दिसला, तरी आत पाणी धरून असतो. यास्तव डोळ्यांवर विसंबू नये, बोट खुपसून पाहावे.

वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर बोटास कोरडा लागेपर्यंत पाणी न घालणे, हाच मुख्य उपाय होय. अंडी आणि लहान अळ्या याच थरात असतात व कोरडेपणा त्यांना मुळीच सोसत नाही. घालावयाचे तेव्हा पाणी भरपूर घालावे, आणि बशीत उतरलेले ओतून टाकावे. कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवून तिला खालून पाणी पिऊ दिले, तर वरचा थर कोरडाच राहतो. नाजूक रोपांना एवढी तहान सोसत नाही, ही या उपायाची मर्यादा आहे. त्यांच्यासाठी पुढील उपाय.

कुंडीत अळ्या आहेत किंवा नाहीत, हे शाळेतील मुलांनाही तपासता येईल. कच्च्या बटाट्याच्या जाड चकत्या कापून ओल्या मातीवर दाबून ठेवाव्यात. दोन-तीन दिवसांनी चकती उलटून पाहिली असता काळ्या डोक्याच्या अळ्या तिला चिकटलेल्या आढळतात. चकती अळ्यांसह टाकून द्यावी म्हणजे थोडा बंदोबस्तही होतो.

पिवळ्या रंगाकडे या माश्या आकर्षित होतात. पिवळ्या पुठ्ठ्यास एरंडेल फासून तो मातीलगत ठेवला, की त्या चिकटून मरतात. तथापि याने केवळ माश्या घटतात. अळ्या आपल्या जागी सुखरूप असतात. डासांसाठी घरात मारावयाच्या फवाऱ्याचेही तसेच. त्याने उडणाऱ्या माश्या मरतील, पण दुसऱ्या दिवशी कोषांतून नव्या निघतील, आणि दरम्यान ते विष घरातल्या मुलाबाळांच्या श्वासात जाईल. हा मार्ग सर्वथा टाळावा.

अळ्यांवर नेमका इलाज एका जिवाणूने दिला आहे. १९७६ साली इस्रायलमधील नेगेव वाळवंटातील एका डबक्यात मरून पडलेल्या डासांच्या अळ्या आढळल्या, आणि त्यांच्यापासून ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जिवाणूचा एक नवा प्रकार मिळाला. त्यास ‘इस्राएलेन्सिस’ हे नाव पडले. त्याच्या पेशीत प्रथिनाचे स्फटिक तयार होतात. अळीच्या क्षारधर्मी आतड्यात ते विरघळून विष बनतात व आतड्याचे अस्तर फाडतात. माणसाच्या जठरातील रस आम्लधर्मी असल्याने त्यास ही बाधा होत नाही. भारतातही डासांच्या अळ्यांविरुद्ध हे औषध वापरले जाते. ते पाण्यात कालवून कुंडीत घालावे. अंडी व कोष त्यातून वाचतात, म्हणून आठवड्याच्या अंतराने काही वेळा पुन्हा द्यावे लागते.

घरगुती उपायांत कडुनिंबाच्या पेंडीस मान द्यावयास हवा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली दाखवून दिले, की निंबोळीचा अर्क फवारलेल्या पिकास टोळ तोंड लावीत नाहीत. पुढे निंबोळीतील ‘अझाडिरॅक्टिन’ हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते कीटकांची कात टाकण्याची क्रिया बिघडवते, त्यामुळे अळीची वाढ खुंटते. पेंडीचा परिणाम सावकाश दिसतो, हे मात्र ध्यानी धरावे.

हा क्षुद्र कीटक प्रयोगशाळेतही मोलाचा ठरला आहे. याच कुलातील एका माशीत नराच्या शुक्रपेशी घडताना बापाकडून आलेली गुणसूत्रे नेमकी टाकून दिली जातात. गुणसूत्रावर ते आईचे की बापाचे, याची जणू मुद्रा उमटलेली असते, हा विचार हेलन क्राउस या संशोधिकेने १९६० साली याच माशीच्या अभ्यासातून मांडला. पुढे सस्तन प्राण्यांतही तसाच प्रकार आढळून आला.

कुंडीत अंडी, अळ्या, कोष आणि माश्या एकाच वेळी नांदत असतात, आणि अंड्यापासून माशीपर्यंतचा प्रवास उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. म्हणून उपाय किमान महिनाभर चालू ठेवावेत व दर आठवड्यास पिवळ्या पुठ्ठ्यावरील माश्या मोजाव्यात. आकडा उतरत नसेल, तर गॅलरीत तोंड उघडे राहिलेल्या खताच्या पोत्यात डोकावून पाहावे.