नौकेची मेखला

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धांव बसवितात. धांव झिजते, म्हणूनच चाक टिकतें. शिडाच्या नौकेच्या अंगालाहि अशीच एक झिजणारी वस्तु लागते. ती म्हणजे बाहेरून बसविलेली आडवी लांकडी पट्टी. तिला आपण नौकेची मेखला म्हणूं.

मुंबईच्या बंदरांत मोठ्या उधाणाच्या दिवशीं भरती-ओहोटींतील अंतर ४ मीटरांहूनहि अधिक असतें. धक्क्याला बांधलेली नौका तितकी चढते, तितकीच उतरते. आणि हेलकाव्यांबरोबर दगडावर घांसत राहते. मेखला नसेल तर हा घांस थेट फळ्यांना बसतो. झिजलेली पट्टी बदलणें सोपें; फळी बदलणें म्हणजे नौकेचें अंगच उकलणें होय.

मेखलेसाठीं साग उत्तम. त्यांतील तैलांश त्याला कुजूं देत नाहीं. मुंबईच्या गोदींत १८१७ सालीं सागाची बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्यापि पाण्यावर आहे, याहून निराळी साक्ष ती कोणती?

नौकेचें पोट जेथें सर्वांत रुंद, तेथें पट्टी यावी. दोन तुकडे जोडावयाचे असल्यास सांधा तिरपा घ्यावा व त्याची लांबी जाडीच्या निदान आठपट ठेवावी. भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत समुद्रगामी नौकेच्या तळास लोखंड वर्ज्य सांगितलें आहे. कारण दिलें आहे तें लोहचुंबकाच्या भयाचें. तें भय आज कोणी बाळगीत नाहीं. परंतु खाऱ्या पाण्यांत लोखंड गंजतें आणि गंज फुगून लांकूड फाडतो, हें कारण पुरेसें सबळ आहे. स्क्रू कांशाचेच घ्यावे.

खरा धोका मात्र पुढेंच आहे. पट्टी व फळी यांमध्यें केसाएवढी फट राहिली, तरी पावसाचें पाणी तींत शिरून मुरतें. आणि खाऱ्यापेक्षां गोड्या पाण्यानें लांकूड लवकर कुजतें. वरून मेखला शोभते, आंत फळीची माती होत असते. रक्षकच भक्षक झाला म्हणावयाचा! यास्तव पट्टीच्या पाठीला व प्रत्येक छिद्राला लुकण भरपूर भरावें. कायमचें चिकटणारें द्रव्य लावूं नये. पट्टी केव्हां तरी काढावयाचीच आहे. वरची कड बाहेरच्या बाजूस उतरती तासावी, म्हणजे पाणी सांचणार नाहीं.

कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. त्या वेळीं लहान हातोडीनें मेखला ठोठावून पाहावी. आवाज बद्द आला, तर ती काढून आंतील फळी तपासण्यांत आळस करूं नये.