विश्लेषण : सर्बिया, स्पेन, स्लोव्हाकिया आणि आता गोवा… देयान ड्राझिचच्या प्रवासात जरीपटक्यातल्या फुटबॉलपटूंसाठी काय आहे?

3 मे 2025. भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर सुपर कपचा अंतिम सामना सुरू होता. एफसी गोवा 2-0 ने पुढे होता आणि जमशेदपूरच्या आशा अजून पुरत्या मावळल्या नव्हत्या. तेवढ्यात तिसरा गोल झाला आणि सामन्याचा निकाल लागला. हा गोल करणारा होता सर्बियाचा देयान ड्राझिच. वय 29. गोव्यात येऊन त्याला जेमतेम चार महिने झाले होते.

उत्तर नागपुरातल्या जरीपटक्यापासून फातोर्डाचे मैदान सुमारे हजार किलोमीटरवर आहे. पण तिथवर पोहोचायचे स्वप्न या भागातली अनेक मुले पाहतात आणि ‘फुटबॉलमध्ये पुढे काय?’ हा प्रश्न त्यांच्या घरात रोज विचारला जातो. ड्राझिचची कारकीर्द या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी प्रामाणिकपणे देते. कारण तो जगप्रसिद्ध खेळाडू नाही, तर फुटबॉलवर पोट भरणारा व्यावसायिक आहे.

ड्राझिच कोण आहे?

त्याचा जन्म 26 सप्टेंबर 1995 रोजी उत्तर सर्बियातल्या सोम्बोर शहरात झाला. तो आक्रमक मध्यरक्षक असून बहुतेक वेळा मैदानाच्या कडेने खेळतो. ओएफके बेलग्रेड या जुन्या क्लबकडून तो वरिष्ठ फुटबॉलमध्ये आला. 2015 मध्ये, विशीही पूर्ण झाली नसताना, त्याला स्पेनच्या सेल्टा विगोने करारबद्ध केले. ला लिगा म्हणजे बार्सिलोना आणि रियल माद्रिद ज्या लीगमध्ये खेळतात ती लीग. वरवर पाहता स्वप्न पूर्ण झाले होते.

प्रत्यक्षात तिथे त्याला फारशी संधी मिळाली नाही. पुढच्या मोसमात तो लोनवर दुसऱ्या श्रेणीतल्या रियल वायादोलिदकडे गेला. 2018 मध्ये त्याने स्लोव्हाकियाचा स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा गाठला. नाव कमी झगमगीत असले तरी या क्लबने 2018-19 आणि 2019-20 अशी लागोपाठ दोन वर्षे देशाची लीग जिंकली. त्यानंतर तो पोलंडच्या लीगमध्ये खेळला आणि जानेवारी 2025 मध्ये गोव्यात आला. दहा वर्षांत त्याने किमान पाच देश पाहिले.

मोठा क्लब सोडणे म्हणजे अपयश का?

मुलगा मोठ्या संघातून लहान संघात गेला की ‘संपला’ असे आपल्याकडे पटकन म्हटले जाते. व्यावसायिक फुटबॉल मात्र वेगळ्या हिशेबाने चालतो. राखीव बाकावर बसलेल्या खेळाडूची किंमत दर महिन्याला घटते, तर खेळणाऱ्याची टिकते.

सर्बियाच्याच नेमान्या मॅटिचचे उदाहरण घ्या. हा मध्यरक्षकही स्लोव्हाकियातूनच पुढे आला. कोशित्से क्लबकडून 2009 मध्ये तो चेल्सीत गेला. तिथे जागा मिळाली नाही म्हणून लोनवर नेदरलँड्सच्या व्हिटेसकडे आणि 2011 मध्ये पोर्तुगालच्या बेनफिकाकडे गेला. तिथे तो नियमित खेळला. जानेवारी 2014 मध्ये चेल्सीने त्यालाच पुन्हा विकत घेतले आणि त्यानंतर त्याने चेल्सीसोबत दोनदा प्रीमियर लीग जिंकली. तो बेनफिकाला गेला तेव्हा कुणी ‘संपला’ म्हटले असते, तर ते साफ चुकले असते.

ड्राझिचला मॅटिचइतकी उंची गाठता आली नाही. पण तिशीच्या उंबरठ्यावर तो आशियाई स्पर्धेत गोल करत होता. 13 ऑगस्ट 2025 रोजी फातोर्डा येथे ओमानच्या अल-सीबविरुद्ध एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या पात्रता सामन्यात गोव्याने 2-1 असा विजय मिळवला. त्यातला पहिला गोल त्याचा होता. त्या विजयामुळेच सौदी अरेबियाचा अल-नस्र क्लब ऑक्टोबरमध्ये गोव्यात खेळायला आला. तो सामना गोव्याने 1-2 ने गमावला, मात्र गोव्याचा एकमेव गोल ब्रायसन फर्नांडिस या स्थानिक मुलाने केला.

सर्बिया इतके खेळाडू कसे घडवतो?

2022 च्या जनगणनेनुसार सर्बियाची लोकसंख्या सुमारे 66 लाख आहे. एकट्या नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्येच साडेसेहेचाळीस लाख होती. म्हणजे हा देश ढोबळमानाने दीड नागपूर जिल्ह्याएवढा. तरीही 2015 मध्ये न्यूझीलंडमध्ये झालेल्या 20 वर्षांखालील विश्वचषकात सर्बियाने अंतिम फेरीत ब्राझीलला अतिरिक्त वेळेत 2-1 ने हरवले.

याचे एक कारण आर्थिक आहे. तिथल्या लीगला टीव्ही हक्क आणि तिकीटविक्रीतून मोठी कमाई होत नाही. क्लब चालवायचा तर खेळाडू घडवून परदेशी विकायचे, हाच मार्ग. त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलावर होणारा खर्च हा तिथे उपकार नसतो, ती गुंतवणूक असते.

छोट्या क्लबला पैसे कसे मिळतात?

यासाठी फिफाचा नियम आहे. करार संपण्याआधी खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला, तर त्या रकमेचे 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. याला ‘सॉलिडॅरिटी’ रक्कम म्हणतात. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी एकूण रकमेच्या 0.25 टक्के आणि 16 ते 23 या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी 0.5 टक्के, असा हिशेब असतो.

समजा, एखादा खेळाडू 1 कोटी रुपयांना विकला गेला. मग 5 लाख रुपये वाटपासाठी निघतील. ज्या क्लबने त्याला वयाच्या 12 ते 15 अशी चार वर्षे शिकवले, त्याला 1 लाख रुपये मिळतील. त्याने नंतर कितीही क्लब बदलले, तरी प्रत्येक वेळी हा हिस्सा लागू होतो. करार संपल्यावर तो फुकटात गेला, तर मात्र काहीच मिळत नाही. याशिवाय पहिल्या व्यावसायिक कराराच्या वेळी आणि 23 वर्षांपर्यंतच्या बदल्यांसाठी ‘प्रशिक्षण भरपाई’ची वेगळी तरतूद आहे.

जरीपटक्याचा इथे काय संबंध?

नागपूरला फुटबॉलची परंपरा नवी नाही. जरीपटक्याच्या उत्तरेला असलेल्या कामठीत छावणीमुळे हा खेळ रुजला आणि तिथला रब्बानी क्लब आजही नावाजलेला आहे. हिस्लॉप कॉलेजचे निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन ‘स्लम सॉकर’ उभे केले. 2022 चा ‘झुंड’ हा चित्रपट त्याच कामावर बेतलेला आहे. गुणवत्ता आहे, प्रशिक्षकही आहेत.

कच्चा दुवा आहे तो कागदाचा. सॉलिडॅरिटी किंवा भरपाई मिळते ती नोंदणीकृत खेळाडूच्या संलग्न क्लबलाच. नोंदणीची साखळी जिल्हा संघटना, मग महाराष्ट्रासाठी ‘विफा’ आणि वर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ अशी जाते. वस्तीतल्या संघाने मुलाला चार वर्षे घडवले, पण ऑनलाइन नोंदणीच केली नाही, तर फिफाच्या लेखी ती चार वर्षे घडलीच नाहीत. मुलगा उद्या कुठेही पोहोचला, तरी त्या संघाला दावा करता येत नाही.

भारतीय मुलांसाठी जागा किती?

इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी मैदानात जास्तीत जास्त 4 परदेशी खेळाडू उतरवता येतात. क्लब या जागा सहसा गोल करणाऱ्यांवर आणि खेळ रचणाऱ्या मध्यरक्षकांवर खर्च करतात. त्यामुळे ड्राझिचसारखा खेळाडू आला की एका भारतीय मध्यरक्षकाची जागा जाते, हे खरेच. पण सरावात रोज त्याच्याशी झुंजूनच ब्रायसनसारखे खेळाडू तयार होतात, हेही तितकेच खरे.

शिवाय महाराष्ट्रात पर्याय मोजके आहेत. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला, मुंबई सिटी उरला. विदर्भाचा संघ नाही. त्यात लीगचीही शाश्वती कमी. महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातल्या व्यावसायिक कराराचा तिढा न सुटल्याने 2025 चा मोसम सप्टेंबरमध्ये सुरूच झाला नाही आणि काही क्लबांनी पगार थांबवले. फुटबॉलच्या जोडीने शिक्षण चालू ठेवायचे ते यासाठीच.

पालकांनी कोणती काळजी घ्यावी?

‘मुलाला युरोपात क्लब मिळवून देतो’ असे सांगून कुणी पैसे मागत असेल, तर फिफाचे काही नियम लक्षात ठेवा. काही अपवाद वगळता 18 वर्षांखालील खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी होत नाही. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, तर तो एक अपवाद. 18 वर्षांखालील मुलाशी 3 वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करार करता येत नाही. एजंटकडे फिफाचा परवाना हवा आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांची लेखी संमतीही हवी.

ड्राझिच परदेशी क्लबमध्ये गेला तो 19 व्या वर्षी. त्याआधी त्याने आपल्याच देशातल्या लीगमध्ये मोठ्या खेळाडूंविरुद्ध सामने खेळले होते. तेव्हा परदेशाची चौकशी नंतर करा. आधी मुलाच्या प्रशिक्षकाला दोन प्रश्न विचारा. आपला क्लब जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का? आणि माझ्या मुलाची या मोसमाची नोंदणी झाली आहे का?