पाळी चुकली की आधी तारीख आठवा



आज आपण दिवस गेल्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल बोलू या. आपल्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही अशी रीत आहे. दृष्ट लागेल, काही झालंच तर लोक बोलतील, ही भीती त्यामागे असते. गावाला सांगू नका, हरकत नाही. पण आशाताईंपासून लपवू नका. असं का म्हणतो, ते ऐका.

आधी आठवड्यांचा हिशेब समजून घेऊ. गर्भ कोणत्या दिवशी राहिला हे नेमकं सांगता येत नाही. म्हणून डॉक्टर आणि सिस्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भ राहतो तो साधारण त्यानंतर २ आठवड्यांनी. म्हणजे पाळी चुकते त्या दिवशीच कागदावर ४ आठवडे भरलेले असतात.

हा हिशेब घरात माहीत नसला की नको ते घडतं. गटाच्या बैठकीनंतर बायका आम्हाला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारतात, "नवरा ट्रकवरून घरी येऊन ४ आठवडे झाले, मग कागदावर ६ आठवडे कसे?" बरोबरच आहेत ते. त्यातले पहिले २ आठवडे गर्भ राहण्याच्या आधीचे आहेत. हे नवऱ्याला आणि सासूबाईंना नीट समजावून सांगा. एखाद्या निर्दोष बाईवरचा संशय त्यानं टळेल.

म्हणून दर महिन्याला पाळी आली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. त्या तारखेत ९ महिने आणि ७ दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख मिळते. पाळी १० जूनला आली असेल, तर १७ मार्च.

पाळी चुकली की आशाताईंकडून लघवी तपासायचं निश्चय किट घ्या. ते फुकट मिळतं. सकाळची पहिली लघवी वापरा. दोन रेघा आल्या तर दिवस गेलेत. एकच आली आणि पाळी तरीही आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा तपासा.

आता घाई कशासाठी? बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून तयार होतो, ती नळी मिटते सहाव्या आठवड्याच्या सुमारास. तेव्हा पाळी चुकून जेमतेम २ आठवडे झालेले असतात. ती नीट मिटावी म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्यायची असते. मूल हवं असं ठरवलं तेव्हापासूनच घेतली तर उत्तम. तिसरा महिना सरायची वाट पाहिली, तर गोळीचा तो उपयोग हातचा गेला. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून सुरू होतात. नोंदणी मात्र १२ आठवड्यांच्या आत करा. रक्त, बीपी, साखर तपासली जाते, माता-बाल कार्ड मिळतं. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत बसत असाल, तर ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. त्याच्या अर्जातही शेवटच्या पाळीची तारीख लागते.

या दिवसांत अंग मोडून येतं, झोप येते, छाती दुखरी होते, लघवीला सारखं जावं लागतं. फोडणीचा वासही सहन होत नाही. मळमळ बहुधा सहाव्या आठवड्यात सुरू होते आणि तीन-साडेतीन महिन्यांनी ओसरते. अंथरुणातून उठण्याआधी कोरडी भाकरी किंवा मूठभर चुरमुरे खा. पोट रिकामं ठेवू नका, थोडं थोडं खात राहा. कुणाला काहीच त्रास होत नाही, तेही ठीकच. घरच्यांनी मात्र "आम्ही नाही का पोरं काढली" असं म्हणू नये. ही आळशीपणाची लक्षणं नाहीत.

मिश्री, तंबाखू, दारू बंद. फवारणीच्या कामाला जाऊ नका. मेडिकलमधून मनानं गोळ्या आणू नका, पाळी आणायच्या तर मुळीच नाही. फिट, बीपी, थायरॉइड किंवा साखरेचं औषध चालू असेल, तर ते मनानं बंदही करू नका. लगेच डॉक्टरांना विचारा.

काही वेळा मात्र थांबायचं नसतं. पाण्याचा घोटही पोटात टिकत नसेल, लघवी फार कमी होत असेल, ताप असेल, तर दवाखाना गाठा. थोडा डाग दिसला तरी सिस्टरना सांगा. जास्त रक्त जात असेल, ओटीपोटात कळ येऊन चक्कर येत असेल, किंवा पोटदुखीसोबत खांदा दुखत असेल, तर १०८ ला फोन करा. कधी कधी गर्भ पिशवीत न राहता नळीत राहतो. तेव्हाही किटवर दोन रेघाच येतात. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

आणखी एक, मनावर दगड ठेवून सांगतो. दिवस गेल्याचं कळल्यानंतरही १०० पैकी १० ते २० जणींचा गर्भ पडतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या ३ महिन्यांतच. निम्म्याहून जास्त वेळा बीजाच्या जुळणीतच दोष राहिलेला असतो. हंडा उचलल्यानं किंवा कुणाची नजर लागल्यानं तसं होत नाही. अशा वेळी त्या बाईला बोल लावू नका, दवाखान्यात न्या आणि विश्रांती द्या.

येत्या बैठकीत बचतीच्या वहीसोबत हा तारखेचा हिशेबही एकमेकींना समजावून सांगा. गटात नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुना असतील, तर त्यांना आधी.