रान कितीही असो, पाणी माणशी! विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत काय होती?

गावात पाझर तलाव झाला, नाला खोलीकरण झालं, विहिरींना पाणी वाढलं. पुढं काय होतं ते आपण बघतोच. ज्याचं रान मोठं त्याचा ऊस उभा राहतो आणि दोन एकरवाल्याची विहीर उन्हाळ्याआधीच तळ गाठते. पाणी अडवलं, पण वाटायचं कसं ते ठरवलं नाही की हे असंच होतं.

यावर पुरंदर तालुक्यात ५० वर्षांपूर्वी एका माणसानं तोडगा काढला होता. त्यांचं नाव विलासराव साळुंखे.

साळुंखे इंजिनिअर, पुण्यात स्वतःचा कारखाना. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदरच्या गावांत फिरले. दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती, पण त्या कामानं कुणाच्या रानात पाणी येणार नव्हतं. १९७४ साली त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान सुरू केलं आणि नायगावात देवस्थानची ४० एकर माळाची जमीन ५० वर्षांच्या करारानं घेतली. उतारावर बांध घातले, खाली तलाव केला, तलावाखाली विहीर पाडली आणि ते पाणी मोटारीनं वर चढवलं. आधी स्वतः करून दाखवलं, मग गावांना सांगितलं.

पाणी पंचायतीचे नियम

- पाणी माणशी मिळणार. एका माणसामागं अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. म्हणजे घरात पाच माणसं आणि रान २० एकर असलं तरी पाणी अडीच एकरालाच.
- भूमिहीनालाही वाटा. दुसऱ्याचं रान वाट्यानं करून तो आपलं पाणी वापरू शकतो.
- जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही.
- ऊस, केळी अशी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत.
- योजना एकट्याची नाही, गटाची. पाणी वाटायला गटानं नेमलेला पाटकरी.

खर्चाचा हिशोबही ठरलेला होता. २० टक्के शेतकऱ्यांचे, ५० टक्के सरकारी अनुदान आणि ३० टक्के प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज. स्वतःचे पैसे घातले की माणूस योजना सांभाळतो, हा त्यामागचा विचार.

साळुंखे २००२ साली गेले. त्यांच्या पत्नी कल्पनाताईंनी काम पुढं चालवलं. सगळ्याच योजना टिकल्या नाहीत. कुठं लाइट बिल भरणं जड गेलं, कुठं तलाव गाळानं भरला, कुठं ज्यानं त्यानं स्वतःची विहीर पाडली आणि गट मोडला.

तरी त्यांचा प्रश्न आजही तसाच आहे. तलावात साठलेलं पाणी गावाचं, की ज्याची मोटार मोठी त्याचं? आपल्या गावात जलसंधारणाचं काम मंजूर झालं असेल, तर जेसीबी यायच्या आधी ग्रामसभेत हा विषय घ्या. पाणी आल्यावर नियम करायला गेलं, तर कुणी ऐकत नाही.