काटा अर्ध्यावर, टाकी कोरडी!

आईला दवाखान्यात दाखवायला इचोड्याहून आदिलाबादला निघालो आणि बाबांची जुनी डिझेल जीप हायवेवर बंद पडली. काटा अर्ध्यावर, टाकी कोरडी! डिझेल आणून एअर काढेपर्यंत आई तासभर उन्हात बसून होती.

मेकॅनिक म्हणाला, "मीटर बदला." मी म्हटलं, आधी तपासू. टाकीवरची फ्लोटची वायर काढली, चावी ऑन करून ती क्षणभर बॉडीला टेकवली. काटा लगेच टोकाला गेला. म्हणजे मीटर आणि वायर ठीक, दोष टाकीतच. फ्लोटचा दांडा गंजून अडकला होता. (पेट्रोल गाडीवर हा प्रयोग घरी नको, ठिणगी पडू शकते.)

टाकी फुल केली की बाबा किलोमीटर वहीत लिहितात. मी हसायचो. आता मीही लिहितो.