लॅटिना भगिनीमंडळे : वारशाचा अभिमान, श्रमाचा हिशेब

अमेरिकेत दरवर्षी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात 'हिस्पॅनिक वारसा महिना' साजरा केला जातो. ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होन्डुरास, निकाराग्वा आणि कोस्टारिका हे पाच देश १५ सप्टेंबर १८२१ रोजी स्पेनच्या अमलातून मुक्त झाले, म्हणून आरंभासाठी ही तारीख निवडण्यात आली. १९६८ मध्ये हा उपक्रम एका आठवड्याचा होता; १९८८ मध्ये कायद्याने तो महिनाभराचा झाला. या काळात विद्यापीठांच्या आवारातील नृत्य, खाद्यपदार्थ आणि व्याख्यानांच्या कार्यक्रमांत लॅटिना सोरॉरिटी, म्हणजेच लॅटिन अमेरिकी वंशाच्या विद्यार्थिनींची भगिनीमंडळे, हिरिरीने भाग घेतात.

सोरॉरिटी म्हणजे काय?

सोरॉरिटी ही विद्यार्थिनींची आजीव सदस्यत्व असलेली संघटना. ग्रीक अक्षरांवरून नाव घेण्याची तिची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. ही जुनी मंडळे प्रामुख्याने श्वेतवर्णीय, सुखवस्तू घरांतील मुलींची होती. त्यांची दारे बंद असल्याने इतरांनी आपापली मंडळे उभारली. अमेरिकेच्या माजी उपाध्यक्ष कमला हॅरिस ज्या संघटनेच्या सदस्य आहेत, ती 'अल्फा कप्पा अल्फा' ही कृष्णवर्णीय महिलांची संघटना १९०८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाली.

लॅटिना विद्यार्थिनींना मात्र त्यासाठी १९७५ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये न्यू जर्सी राज्यातील कीन महाविद्यालयात (आजचे कीन विद्यापीठ) 'लॅम्डा थीटा अल्फा' हे पहिले लॅटिना भगिनीमंडळ स्थापन झाले. पुढे १९८० मध्ये रटगर्स, १९८७ मध्ये टेक्सास टेक आणि १९९० मध्ये आयोवा विद्यापीठात अशीच मंडळे निघाली. १९९८ मध्ये लॅटिनो विद्यार्थी संघटनांचा राष्ट्रीय महासंघ अस्तित्वात आला. यांपैकी अनेक मंडळांचे सदस्यत्व कोणत्याही वंशाच्या विद्यार्थिनीस खुले आहे.

नृत्यापलीकडचे काम

घरातून महाविद्यालयात जाणारी पहिलीच व्यक्ती, अशी अनेक लॅटिना विद्यार्थिनींची स्थिती असते. अर्ज कसा भरावा, शिष्यवृत्ती कोठे मिळते, नोकरीच्या मुलाखतीत काय बोलावे, हे सांगणारे घरी कोणी नसते. ही उणीव भगिनीमंडळातील थोरल्या 'बहिणी' भरून काढतात. अभ्यासात मार्गदर्शन, समाजसेवेसाठी निधिसंकलन आणि पदवीनंतरही टिकणारा परिचय हे त्यांचे खरे भांडवल होय.

अर्थव्यवस्थेतील वाटा

वारशाच्या उत्सवाला आर्थिक योगदानाची जोड का दिली जाते, याचे उत्तर आकडेवारीत आहे. २०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत ६ कोटी २१ लाख हिस्पॅनिक लोक होते. हे प्रमाण लोकसंख्येच्या १८.७ टक्के भरते. बांधकाम क्षेत्रातील सुमारे एकतृतीयांश कामगार याच समाजातील आहेत. अभ्यासकांच्या गणनेनुसार २०२१ मध्ये या समाजाचे एकूण उत्पादन ३.२ लाख कोटी डॉलर होते. हा समाज स्वतंत्र देश मानला, तर त्याची अर्थव्यवस्था त्या वर्षी जगात पाचव्या क्रमांकाची, भारताच्या बरोबरीची ठरली असती.

या वैभवाची दुसरी बाजूही आहे. वर्षभर पूर्णवेळ काम करणाऱ्या लॅटिना स्त्रीला श्वेतवर्णीय पुरुषाच्या एका डॉलरमागे ६० सेंटपेक्षाही कमी वेतन मिळते. उत्पादनात वाटा मोठा आणि पदरात मोबदला थोडा, ही विसंगती नवी नाही. कॅलिफोर्नियातील मळ्यांत राबणाऱ्या शेतमजुरांच्या संघटनेची १९६२ मध्ये सहस्थापना करणाऱ्या डोलोरेस उएर्ता याच प्रश्नासाठी झगडल्या. २०१२ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

बदलते वातावरण

अलीकडच्या काळात या मंडळांपुढे नवे प्रश्न उभे राहिले आहेत. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत घटनाबाह्य ठरविली. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतील विविधता कार्यालयांवर बंदी आली. विद्यार्थी संघटनांना या कायद्यातून सूट असली, तरी अनेक उपक्रमांना मिळणारा संस्थात्मक आधार नाहीसा झाला.

अशा वेळी थोरल्या बहिणीने धाकटीचा हात धरण्याच्या जुन्या रीतीचे महत्त्व वाढते. विद्यापीठाचे कार्यालय बंद झाले, तरी शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणारी थोरली बहीण उरतेच. महिनाभराचा उत्सव १५ ऑक्टोबरला संपतो. पदवी, नोकरी आणि समान वेतन यांसाठीचे काम मात्र वर्षभर चालू राहते.